ताईची भाजीवाली

लग्न होईपर्यंत ताई एकटी कधी बाजारात गेली नाही. आईनं नागपूरच्या महाल भागातल्या बुधवार बाजारात पाठवलं की ती मला सोबत न्यायची, आणि मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान असूनही भाव मीच करायची. ताई पिशवीचं तोंड उघडून मागं उभी राहायची. वांगं किडकं निघालं तरी हळूच म्हणायची, "राहू दे वं, तो रागावंल." मी ते वांगं उचलून परत टोपलीत टाकायची आणि भाजीवाल्याला विचारायची, "काहून गा भाऊ, आमी आंधळ्या दिसून राहिलो का तुले?" तो हसायचा. ताई लाजून रस्त्याकडे बघायची. तिला माझ्यावाचून चालत नाही हे मला फार लवकर कळलं होतं, आणि ते मला आवडायचं.

साठाचं दशक सरता सरता तिचं लग्न झालं. भाऊजी पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. वर्षभर दोघं सदरमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहिले, मग भाऊजींना टांझानियात, दार-ए-सलामला नोकरी मिळाली. निघताना स्टेशनवर ताईनं माझा हात सोडला नाही. "तिथं मी बाजारात कशी जाऊ वं?" असं तिनं रडत रडत विचारलं. गाडी गेल्यावर मी घरी येऊन खूप रडले. खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडं समाधानही होतं.

पुढची तीन वर्षं तिची पत्रं येत. पाकिटावर जिराफाची, हत्तीची तिकिटं. गल्लीतली मुलं ती मागायला यायची आणि मी कात्रीनं कापून वाटायची. माझं बी.ए. झालं, नोकरी लागली नव्हती, दोन स्थळं येऊन परत गेली होती. लोक मला 'आफ्रिकेतलीची बहीण' म्हणू लागले. मला ते मुळीच आवडत नसे. मग पत्र आलं की ताईला सातवा महिना आहे, कोणी आलं तर बरं होईल. आईला समुद्राचं नाव घेतलं तरी घेरी यायची. भाऊजींनी माझ्यासाठी बोटीचं तिकीट पाठवलं.

आईनं डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांचे मऊ तुकडे बांधून दिले. बोटीवरच्या दहा-अकरा दिवसांत मी एकच चित्र रंगवत होते. ताई वाळलेली असेल, परक्या मुलखात घाबरून घरात बसलेली असेल, मला बघताच गळ्यात पडेल आणि मी तिची सगळी घडी बसवून देईन.

बंदरावर ताई उभी होती ती चांगली भरलेली, उन्हानं सावळी झालेली. तिनं माझी ट्रंक उचलायला आलेल्या हमालाशी असं काही भांडण केलं, की मी बघतच राहिले. तेही त्याच्या भाषेत.

तिसऱ्या दिवशी ती मला बाजारात घेऊन गेली. उघडं मोठं मैदान, मधूनमधून आंब्याची झाडं. जमिनीवर झावळ्यांच्या चटया, त्यावर टमाट्याचे चार-चारांचे मनोरे. तिथं तराजू नव्हता, ढिगावर भाव. एकीकडे शिवणयंत्रं घेऊन बसलेले शिंपी, एकीकडे कोळशाच्या शेगडीवर भाजत असलेली कणसं, आणि सगळ्यावर पसरलेला सुक्या मासळीचा वास. बायका अंगाला दोन दोन रंगीत कापडं गुंडाळून, एक छातीवर आणि एक डोक्यावर, मोठमोठ्यानं ओरडत होत्या. संत्र्यांचे ढीग होते, पण सालं हिरवी.

"हे काय संत्रं आहे?" मी म्हटलं. "आमच्या नरखेडचे संत्रेवाले हे बैलालेही देणार नाहीत."

"खाऊन पाह्य. गोड आहे," ताई म्हणाली.

गोड होतं. मी सांगितलं, आंबट आहे.

आम्ही चाललो तशा दोन्ही बाजूंनी हाका येऊ लागल्या. "दादा! दादा!" मी मागं वळून कोण पुरुष येतोय ते बघत होते. ताई हसली. त्यांच्या स्वाहिली भाषेत बहिणीला दादा म्हणतात. त्या हाका तिला होत्या. ती एकीला उत्तर देत होती, दुसरीचं पोर गालाला हात लावून बघत होती, तिसरीच्या ढिगातला सडका टमाटा उचलून तिच्याच हातात ठेवत होती. ती बाई हसून चांगला टमाटा देत होती. पिशवी माझ्या हातात होती. मी तिचं तोंड उघडून ताईच्या मागं उभी होते.

एका आंब्याखाली एक पालेभाजीवाली बसायची. तिच्याकडे आपल्या माठासारखी भाजी, रताळ्याचा पाला, नारळ, लिंबं. वयानं ताईपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. ताईला बघताच तिनं शेजारचं लाकडी खोकं पालथं घातलं आणि ताई त्यावर जाऊन बसली, घरच्या पाटावर बसावी तशी. त्या बाईनं न विचारता ताईच्या पोटावर हात ठेवला. डोळे मिटले, काहीतरी बोलली. ताईनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

माझ्या अंगाची लाही झाली. आमच्या घरी कोणी असं कोणाच्या अंगाला हात लावत नसे. मी तिची बहीण, अकरा दिवस बोटीत उलट्या करत आलेली, आणि मीसुद्धा अजून त्या पोटाला हात लावला नव्हता.

ताईनं माझ्याकडे बोट दाखवून तिला काही सांगितलं. ती उठली, माझा गाल दोन्ही हातांत धरला आणि हसली. तिच्या हाताला ओल्या पाल्याचा वास होता. मी मागं सरकले आणि पदरानं गाल पुसला. ताईनं ते पाहिलं.

घरी येताना मी म्हटलं, "भाजीवालीशी एवढी सलगी काहून?"

ताई रस्त्याकडेच्या सावलीत थांबली. मग तिनं सांगितलं. मागच्या वर्षी तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात ती याच बाजारात असताना एकाएकी रक्त जाऊ लागलं. भाऊजी दौऱ्यावर. त्या बाईनं स्वतःच्या अंगावरचं वरचं कापड काढून ताईला गुंडाळलं, नारळाची हातगाडी रिकामी करवून तिला त्यावर निजवलं आणि दवाखान्यात नेलं. मूल गेलं. भाऊजी येईपर्यंत दोन दिवस ती ताईच्या खाटेजवळ जमिनीवर बसून होती. नागपूरला ताईनं लिहिलं होतं, मलेरिया झाला होता, आता बरी आहे.

हे ऐकून मला आधी रडू यायला हवं होतं. तसं झालं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की तिला माहीत आहे आणि मला नाही.

"मले सांगावंसं वाटलं नाही तुले?" मी विचारलं.

"पत्रात काय लिहू वं?" ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी सांगून टाकलं, की आता तू जड झालीस, उन्हात जायचं नाही, बाजार मी करीन. भाऊजींना ते पटलं. ताई नाइलाजानं कबूल झाली. मला भाषा येत नव्हती, पण बोटांनी आणि डोळ्यांनी भाव करायला भाषा लागत नाही. मी मुद्दाम आंब्याखालच्या भाजीवालीसमोरच्या दुकानात पालेभाजी घ्यायची, तिला दिसेल अशी. ती मला रोज हाक मारायची आणि भुवया उंचावून विचारायची, "दादा?" मी दोन्ही हात गालाखाली धरून दाखवायची, झोपली आहे. एकदा तिनं ताईसाठी दोन शहाळी दिली. घरी आल्यावर मी ताईला म्हटलं, मी घेतली.

असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका सकाळी ती बाई भाजी न मांडताच बसलेली होती. मला पाहून ती धावत आली आणि भराभर बोलू लागली. मला समजेना. तिच्या शेजारी सुकी मासळी विकणारी एक म्हातारी बसायची. तिनं तरुणपणी एका गुजराती घरी काम केलं होतं आणि तिला मोडकीतोडकी हिंदी येत होती. ती म्हणाली, "इसकी माँ बहुत बीमार. गाँव जाती है. आज ही जाना था, तेरी बहन के वास्ते कल जाएगी. आज पूरा दिन इधर बैठेगी. तेरी बहन को बोल, एक बार आवे. नहीं आ सके तो बोल, ये घर आवेगी, घर किधर है बता."

मी म्हटलं, "अच्छा."

आणि घर कुठं आहे ते सांगितलं नाही.

घरी ताई बाळाचं अंगडं शिवत बसली होती. "आज काय म्हणे ती?" तिनं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं आणि भाजी निवडायला बसले. दिवसभर मला वाटत होतं, आता सांगावं, अजून वेळ आहे. दुपार झाली, ऊन उतरलं. मी ताईच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. नागपूरला घालायची तशी. ती डोळे मिटून बसली होती आणि मला फार बरं वाटत होतं. सांगितलं नाही.

आठवड्यानं ताई बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यात भेटायची वेळ झाली की ताई दाराकडे बघायची. भाऊजींनी बाजारात निरोप ठेवला होता का, असं तिनं दोनदा विचारलं. मीच म्हटलं, "तिले धंदा सोडून कसं येता येईल?" तिसऱ्या दिवशी ताईनं विचारणं बंद केलं. कुशीवर वळून ती बाळाकडे बघत राहायची. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नर्सला वाटलं, टाके दुखत असतील.

घरी आल्यावर तीन आठवडे झाले नसतील तोच ती म्हणाली, "मले बाजारात जायचं आहे."

"सव्वा महिना झाल्याबिगर?"

"इथं कोण पाह्यते?"

मी आईचं नाव काढलं, वाऱ्याची भीती घातली, बाळाला दृष्ट लागेल म्हटलं. ती ऐकेना. बाळाला दुपट्यात गुंडाळून ती निघाली आणि मला मागं जावं लागलं.

आंब्याखाली चटई गुंडाळून ठेवलेली होती. मासळीवाल्या म्हातारीनं बाळाला बघून दोन्ही हात वर केले, कपाळाला लावले. मग ती आणि ताई बोलू लागल्या. मी चार पावलांवर उभी होते. ताईचा चेहरा बदलत गेला तो मला दिसत होता. ती माझ्याकडे वळली.

"तिची माय बिमार होती. तुले निरोप दिला होता?"

"मले भाषा समजली नाही," मी म्हटलं.

म्हातारीला 'भाषा' एवढा शब्द कळला असावा. ती मान हलवत म्हणाली, "मैं हिंदी में बोली. ये 'अच्छा' बोली."

ताई तशीच घराकडे वळली. घरी आल्यावर तिनं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि विचारलं, "काहून केलं वं असं?"

माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. "तिले तुझं सारं माहीत. मले काहीच नाही. मी कोण आहे मग?"

"तुले सांगून काय झालं असतं?" ताई म्हणाली. "तू तिथं रडली असतीस, आई आजारी पडली असती. ती इथं होती. एवढंच आहे. ती इथं होती."

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी बाळाला न्हाऊ घालायची, धुरी द्यायची, ताईला लाडू द्यायची. ती सगळं घ्यायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "म्हातारी उद्या भाजीवालीच्या गावाले जाऊन राहिली. तिची माय गेली असा निरोप आला. तू संगं जाय."

भाऊजी म्हणाले, परक्या देशात एकट्या मुलीला असं खेड्यात कसं पाठवायचं? ज्या ताईनं भाऊजींना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं तिनं मान वर न करता सांगितलं, "ती जाईल."

तिनं एका कागदावर देवनागरीत एक वाक्य लिहून दिलं: निमेकुजा कुओम्बा म्सामाहा. मी माफी मागायला आले आहे.

तीन तासांचा बसचा प्रवास. म्हातारीची मासळीची टोपली माझ्या पायांवर होती, आणि आमच्या घरी अंडंसुद्धा येत नव्हतं. नाकाला पदर लावून मी कागद पाठ करत होते. बस उतरून काजूच्या झाडांतून बरंच चाललो. मातीच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, अंगणात चटया आणि चटयांवर दहा-बारा बायका. भाजीवाली मधे बसली होती. फार वाळली होती. मला बघून ती उठली आणि पहिलाच शब्द बोलली, "दादा?" तिला वाटलं, ताईचं काही वाईट झालं.

मी दोन्ही हातांनी बाळ झुलवून दाखवलं. तिनं छातीवर हात ठेवला आणि मटकन खाली बसली.

मग मला पाठ केलेलं वाक्य आठवेना. मी कागद काढून वाचलं. चुकीचं वाचलं असेल, कारण बायका एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारीनं सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत होती. रागावली, हे मला दिसलं. तिनं एकच प्रश्न विचारला आणि म्हातारीनं तो मला सांगितला, "दादा समझी, मैं उसको भूल गई?"

मी मान हलवली. हो.

ती उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी त्या बायकांत बसून होते. कोणी मला उठवलं नाही.

मग एक मुलगी जेवण घेऊन आली. माझ्याच वयाची असेल, चेहरा त्या बाईसारखाच. तिनं माझ्यापुढं थाळी अशी आदळली की नारळाच्या रसातली भाजी चटईवर सांडली. ती कमरेवर हात ठेवून तावातावानं काहीतरी बोलली. अंगणात दुःख होतं, तरी बायकांना हसू आवरेना. मी म्हातारीकडे बघितलं.

"ये इसकी छोटी बहन," म्हातारी म्हणाली. "बोलती है, तेरी बहन का नाम सुन-सुन के मेरा कान पक गया. इधर माँ बीमार, मैं अकेली, और ये उधर दादा के वास्ते पूरा दिन बैठी रही. एक दिन लेट आई."

मी त्या मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी दीड-दोन महिने अंगावर वागवलं होतं. ते कळायला मला दुभाष्या लागला नाही. तिच्या आईजवळ तिला एकटीला काढावा लागलेला तो एक दिवस माझ्यामुळं होता. मी 'अच्छा' म्हणून जाऊन ताईला सांगितलं असतं, तर तिची बहीण दुपारच्याच बसनं निघाली असती. हे मात्र तिला सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते. मी कागदावरचं वाक्य पुन्हा वाचलं, तिच्यासाठी. या वेळी बरोबर वाचलं असावं. ती हसली नाही, पण कमरेवरचे हात खाली आले.

जेवणानंतर तिनं भांडी उचलली, मीही उचलली. विहिरीवर आम्ही दोघींनी ती राखेनं घासली. ती पाणी ओढत होती, मी विसळत होते. एकदा तिनं माझं घासलेलं पातेलं परत माझ्याकडे टाकलं, नीट निघालं नाही म्हणून. मी पुन्हा घासलं.

निघताना मोठी बाहेर आली. सुतकाचे चाळीस दिवस झाले की येईन, असं तिनं सांगितलं. माझ्या गालाला हात लावला नाही. मी थोडी थांबले होते त्यासाठी.

ती आली तेव्हा माझ्या परतीच्या बोटीला दोनच दिवस होते. बाजारातच भेट झाली. ताई बाळाला माझ्याकडे देऊन धावत पुढं गेली आणि त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, सगळ्या बाजारादेखत. मग भाजीवाली खोक्यावर बसली आणि तिनं हात पुढं केले. बाळ माझ्या कडेवर होतं. ताई बघत होती. मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. आनंदानं ठेवलं असं मी म्हणणार नाही. दोन महिने ज्या बाळाला मी न्हाऊ घातलं, ते तिच्या मांडीवर गेल्याबरोबर शांत झालं आणि तिचं कापड मुठीत धरून बसलं. मला ते सहन होईना म्हणून मी पलीकडे जाऊन टमाटे घेत बसले. टमाटे कसे घेतले ते आठवत नाही.

नागपूरला आल्यावर आईनं पहिल्या दिवशी बाळाचंच विचारलं. रंग कोणाचा, नाक कोणाचं, जावळ किती. दुसऱ्या दिवशी मला समोर बसवून म्हणाली, "आता तू आलीस. तिकडे तिचं कोण पाहीन?"

मी आईला त्या बाईबद्दल सांगितलं. मागच्या वर्षीचं नाही, ते सांगायची परवानगी ताईनं मला दिली नव्हती. पण ती ताईला कशी जपते, बाळ तिच्याकडे कसं राहतं, ताई तिच्याजवळ कशी बसते, हे सगळं सांगितलं. त्या बाईबद्दल मी पहिल्यांदाच कोणाला चांगलं सांगत होते आणि सांगताना मलाच नवल वाटत होतं.

आई ऐकत होती. हातातलं सूप तिनं बाजूला ठेवलं.

"म्हणजे मायपरीस जास्त करते का ती?" आई म्हणाली.

"तसं नाही वं आई."

"नाही, करू दे. चांगलं आहे." आई उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, "लेकराले तेल कोणतं लावते ती? खोबऱ्याचं? सांग तिले, तिळाचं लावत जाय म्हणा. पत्रात लिही. आजच लिही."